वजन एकवीस किलोनं वाढलं, पुल-अप मात्र तीनवर आले

(पत्र बरंच मोठं होतं. त्यातलं कामापुरतं इथे देत आहे. नाव न छापण्याची विनंती होती, ती पाळली आहे.)

ताई, मी २४ वर्षांचा आहे. इचलकरंजीत एका प्रोसेस हाऊसच्या ऑफिसात अकाउंट्स बघतो. उंची ५ फूट ६ इंच. जानेवारीत जिम लावली तेव्हा वजन ६१ होतं आणि सगळे काडी पैलवान म्हणायचे. ट्रेनर म्हणाला, ‘आधी दाबून बल्किंग कर, म्हणजे भरपूर खाऊन वजन वाढव. साइज येऊ दे. नंतर चरबी उतरवायला, म्हणजे कटिंगला, दोन महिने पुरतात.’ मी खात सुटलो. आठ अंडी, लिटरभर म्हशीचं दूध, चार केळी, दोन स्कूप मास गेनर (वजन वाढवायची पावडर), दोन वेळचं जेवण, संध्याकाळी ऑफिसमधून येताना वडापाव. मे अखेरीस वजन ७० झालं, आता नोव्हेंबरात ८२ आहे. कंबर ३० होती, मेमध्ये ३२, आता ३७. दंड साडेबाराचा चौदा झाला, आता पंधरा. बेंच प्रेस ४० किलोवरून मेपर्यंत ६५ वर गेली, आता ७५. पुल-अप (दांडीला लटकून अंग वर उचलणं) जानेवारीत दोन निघायच्या, मेमध्ये आठ, आता तीन.

कंपनीच्या मेडिकलमध्ये बीपी १४६/९४ आलं. भाऊ म्हणतो मी घोरतो. छाती सैल वाटते, खांद्याला जांभळ्या रेषा पडल्यात. आजोबा तालमीतले, ते म्हणतात खाल्लेलं कुठं जात नाही, आमचा खुराक याच्या दुप्पट होता. आई म्हणते, अंग भरलंय पण तोंडावर तेज नाही. फेब्रुवारीत जिल्ह्याची ‘श्री’ शरीरसौष्ठव स्पर्धा आहे, मला एकदा तरी स्टेजवर जायचंय. ट्रेनर म्हणतो आता एक (स्टेरॉइडचा) ‘कोर्स’ मारू, चरबी आपोआप जाईल. पण मला भीती वाटते की वजन उतरवलं तर परत काडी पैलवान होईन. काय करू?

ता. क. पाच किलोचा गेनरचा नवा डबा कालच आणलाय.

उत्तर

तू आकडे इतके नीट टिपून ठेवलेस की निम्मं उत्तर तुझ्याच पत्रात आहे. जानेवारी ते मे आणि मे ते नोव्हेंबर असे दोन भाग शेजारी शेजारी मांडून बघ. पहिल्या भागात वजन नऊ किलोनं वाढलं, बेंच पंचवीसनं वाढली, पुल-अप दोनाच्या आठ झाल्या आणि कंबर फक्त दोन इंचांनी सुटली. दुसऱ्या भागात वजन बारा किलोनं वाढलं, बेंच दहानं, कंबर पाच इंचांनी, आणि पुल-अप आठावरून तीनवर आल्या.

पुल-अपमध्ये माणूस स्वतःचंच वजन उचलतो, त्यामुळे तिथे काही लपत नाही. पाठीची ताकद वजनाच्या बरोबरीनं वाढली असती तर आठाच्या आठ राहिल्या असत्या. म्हणजे मेनंतर जे अंगावर चढलं त्यातलं बरंचसं पाठीला नुसतं वाहून न्यावं लागतंय. बेंचवर आडवं पडायचं असतं, तिथे पोटाचा घेर आड येत नाही, उलट बार छातीला लवकर टेकतो. म्हणून जिममध्ये सगळे बेंचचाच आकडा सांगत फिरतात.

सुरुवातीला तू जास्त खाल्लंस ते बरोबरच होतं, हे आधी सांगून टाकते. ५ फूट ६ इंचाला ६१ किलो आणि व्यायामाची सवय नाही, अशा मुलाला मी स्वतःही ताटात दोन घास वाढवायला सांगितलं असतं. मेमध्ये, सत्तरवर, कंबर बत्तीस असताना थांबायचं होतं. त्या वेळी थांब म्हणायला जवळ कुणी नव्हतं आणि ‘आणखी खा’ म्हणणारे सगळे होते.

स्नायू किती वेगानं वाढतो याला शरीराची स्वतःची मर्यादा आहे. नवीन मुलाचा व्यायाम, झोप आणि आहार नीट असेल तर पहिल्या वर्षात महिन्याला अर्धा ते एक किलो स्नायू चढला तरी उत्तम म्हणतात. पुढे हा वेग कमी कमीच होत जातो. त्या हिशेबानं तुझ्या दहा महिन्यांत मी हात सैल सोडून सात किलो स्नायू धरते. स्नायूंत साठलेली साखर, तिच्याबरोबरचं पाणी आणि पोटातलं अन्न मिळून आणखी दोन-तीन किलो. उरले अकरा. ती चरबी.

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. अकरा किलोच्या झाल्या ८४,७००. दहा महिन्यांच्या तीनशे दिवसांवर त्या वाटल्या की दिवसाला २८० च्या आसपास येतात. एका वडापावात साधारण तेवढ्याच असतात. एवढं सगळं होण्यासाठी दिवसाला एक वडापाव जास्तीचा पुरला. (पत्रातला खुराक तू रोज न चुकता खाल्ला असतास तर काटा ब्याऐंशीच्याही पुढे गेला असता, तेव्हा मधूनमधून दांडी पडली असणार. चांगलंच झालं.)

‘जास्त खाल्लं की जास्त स्नायू येतो’ हे जिममध्ये इतक्या ठामपणे सांगतात की खोटं वाटतच नाही. नॉर्वेतल्या अव्वल खेळाडूंवर याची नीट तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही गट तोच व्यायाम करत होते. एका गटाला आहारतज्ज्ञांनी ठरवून जास्त खायला लावलं, दुसरा गट आपल्या मर्जीनं खात होता. दोघांच्या रोजच्या खाण्यात सुमारे सहाशे कॅलरींचा फरक होता. आठ ते बारा आठवड्यांनी पाहिलं तर जास्त खाणाऱ्यांची चरबी १५ टक्क्यांनी वाढली होती, मर्जीनं खाणाऱ्यांची ३ टक्क्यांनी. स्नायूंच्या वाढीत मात्र दोन गटांत म्हणावा असा फरक निघाला नाही.

मग ट्रेनरला दरवेळी हाच अनुभव कसा येतो? कारण नवीन मुलगा पहिल्या सहा महिन्यांत काहीही खाऊन वाढतो. गेनर पिऊन वाढला तर श्रेय गेनरला जातं, आणि तोच डबा काउंटरवर विकायला असतो. तुझ्या ट्रेनरच्या मनात पाप आहे असं मी म्हणत नाही. त्यालाही त्याच्या ट्रेनरनं हेच शिकवलेलं असणार.

ही समजूत तशी जुनी आहे. अमेरिकेचा ब्रूस रँडल नावाचा गडी १९५० च्या दशकात खाऊन खाऊन १८० किलोच्या वर गेला, मग निम्म्याहून अधिक वजन उतरवून १९५९ मध्ये मिस्टर युनिव्हर्स झाला. असले किस्से सांगून पोरांना खायला बसवतात. त्या मापानं खाऊन १२० किलोवर अडकून पडलेल्यांचे किस्से कुणी सांगत नाही. आणि आज इन्स्टाग्रामवर ऑफ-सीझनमध्ये फुगलेले जे परदेशी व्यावसायिक बॉडीबिल्डर दिसतात, त्यांच्या शरीरात काय काय घातलेलं असतं ते त्यांच्या ताटात दिसत नाही. त्यांचं ताट बघून आपलं ताट वाढू नये.

आजोबांचा खुराक

आजोबांशी वाद घालू नकोस, ते खोटं बोलत नाहीत. दूध, तूप, बदामाची थंडाई हे सगळं तालमीत होतं. पण पहाटे उठून शेकड्यांनी जोर-बैठका, मग आखाड्यातली माती खणायची, मग लढती, आणि संध्याकाळी परत मेहनत, हेही होतं. तू सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा खुर्चीवर असतोस आणि जिममध्ये सव्वा तास. त्या सव्वा तासातही दोन सेटच्या मध्ये मोबाइल निघत असणार. आजोबांनाच विचार, कुस्ती सुटली पण खुराक सुटला नाही अशा त्यांच्या जोडीदारांचं पुढे काय झालं. कोल्हापूर-सांगलीकडच्या प्रत्येक तालमीत अशी दोन-तीन नावं सापडतात. आजोबा स्वतःच सांगतील, बघ.

दुधाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण तुमच्या भागात दूध म्हणजे म्हशीचंच. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर धार काढून पेला हातात देतात, ते पिण्यातली मजा मला ठाऊक आहे. पण म्हशीच्या लिटरभर दुधात हजाराच्या आसपास कॅलरी असतात आणि साठ-सत्तर ग्रॅम फॅट. तेवढ्याच गाईच्या दुधात साडेसहाशेच्या आसपास कॅलरी. पत्रात तू ‘एक लिटर दूध’ असं एका ओळीत लिहून पुढे गेलास, पण तुझ्या दिवसभराच्या गरजेचा तिसरा हिस्सा त्या ओळीत आहे.

गेनरचा डबा फिरवून मागचा तक्ता वाच. घटकांत पहिलं नाव बहुतेक माल्टोडेक्स्ट्रिनचं असेल. ती लवकर पचणारी पिष्टमय पावडर असते, चवीला थोडी गोडसर. असल्या डब्यांत शंभर ग्रॅमला साधारण ३८० कॅलरी आणि पंधरा-वीस ग्रॅम प्रोटीन मिळतं. पेलाभर म्हशीचं दूध आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे यांत जवळपास तेवढंच बसतं.

आपल्या अंगावर चरबी कुठे बसते

इथे पुण्याचा संबंध येतो. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय शरीराबद्दल जे दाखवून दिलं ते प्रत्येक जिमच्या भिंतीवर लावायला हवं. २००४ मध्ये त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला बारीक पण आतून चरबी जास्त, अशी आपली ठेवण. त्यात आपली चरबी पोटात, आतड्यांच्या भोवती आणि यकृतात लवकर साठते. मधुमेह आणि हृदयविकार आपल्याकडे कमी वयात दिसतात त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

म्हणून भारतीय पुरुषांसाठी कमरेची धोक्याची रेघ ९० सेंटिमीटरवर, म्हणजे साडेपस्तीस इंचांवर धरतात. तुझी सदतीस आहे. तीही पँटच्या मापानं सांगत असशील तर खरी आणखी जास्त निघेल. टेप बेंबीच्या रेषेत धरून, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोज. तो आकडा वहीत लिही.

ही चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यातलं एक एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करत राहतं, आणि चरबी जास्त झाली की टेस्टोस्टेरॉनची पातळीही खाली येते. स्नायू वाढावा म्हणून जास्त खायचं आणि ज्या हार्मोनवर स्नायू वाढतो तेच कमी करून घ्यायचं, असा हा उफराटा कारभार आहे.

छाती सैल वाटते म्हणालास. स्तनाग्राच्या मागे दोन बोटांनी चाचपून बघ. सगळीकडे सारखं मऊ लागलं तर ती चरबी, वजनाबरोबर उतरेल. बटणासारखी घट्ट, दुखरी चकती लागली तर डॉक्टरांना दाखव. लाजू नकोस, त्यांच्याकडे अशी मुलं नेहमी येतात. खांद्यावरच्या जांभळ्या रेषा पुढे पांढुरक्या होऊन फिकट पडतील, पूर्ण जाणार नाहीत. त्यांच्यासाठी तेलाबिलावर पैसे घालवू नकोस.

बीपी आणि घोरणं

तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते बीपी. चोविसाव्या वर्षी १४६/९४ हे ‘टेन्शनमुळे आलं असेल’ म्हणून सोडून द्यायचं नसतं. पण एका मापावरून निष्कर्षही काढायचा नाही. पंधरा इंची दंडाला बीपी यंत्राचा नेहमीचा पट्टा, म्हणजे कफ, लहान पडतो आणि लहान कफवर बीपी खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. डॉक्टरांकडे जा आणि मोठा कफ मागून घे. आधी पाच मिनिटं शांत बस. त्या दिवशी जिम नको, चहा-कॉफी नको, प्री-वर्कआउट पावडर तर मुळीच नको. वेगवेगळ्या दिवशी दोन-तीनदा मोजून १४०/९० च्या वरच राहिलं तर उपचार डॉक्टर ठरवतील. तोवर श्वास रोखून जड वजन उचलायचं बंद, आणि ‘जास्तीत जास्त किती निघतं’ हे बघण्याचे खेळही बंद.

घोरण्याबद्दल भावाला एवढंच विचार : मध्येच श्वास थांबतो आणि मग दचकल्यासारखा सुरू होतो का? ऑफिसात दुपारी डोळे मिटतात का? दोन्हीचं उत्तर हो असेल तर हेही डॉक्टरांच्या कानावर घाल. मानेभोवती चरबी साठली की झोपेत घशातली श्वासाची वाट दबते, रात्रभर झोप मोडत राहते, आणि बीपी वाढायला तेही एक कारण असतं. आईनं तोंडावर तेज नाही म्हटलं त्यामागे हेच असू शकतं. रात्री आठ तास अंथरुणात असूनही झोप झालेली नसते.

रक्ताच्या तपासण्या सांगतील : उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल वगैरे), यकृत, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी). त्याआधी सहा-सात दिवस जड व्यायाम करू नकोस. नाही तर स्नायूंच्या झिजेमुळे एसजीओटी-एसजीपीटी हे यकृताच्या तपासणीतले आकडे वाढलेले दिसतात आणि यकृत बिघडलं म्हणून घरात रडारड सुरू होते. क्रिएटीन ही जिममधली पावडर घेत असशील तर तेही सांग, त्यानं क्रिएटिनिनचा आकडा थोडा वर दिसू शकतो.

कोर्स

नाही. इथे घासाघीस नाही.

बीपी वाढलेल्या मुलाला स्टेरॉइड द्यायचं म्हणजे काय, हे तुझ्या ट्रेनरला कळत नसेल तर त्यानं मशीन कसं वापरायचं ते दाखवण्यापुरतं काम करावं. स्टेरॉइडनं चांगलं कोलेस्टेरॉल खाली येतं, बीपी चढतं, हृदयाची भिंत जाड होते आणि शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवायचं थांबवतं. शुक्राणूंची संख्या पडते, काहींची ती परत यायला महिनेच्या महिने लागतात. शिवाय ‘चरबी आपोआप जाईल’ हे साफ खोटं आहे. खाणं तेच राहिलं तर चरबीही तिथेच राहते.

‘फॅट बर्नर’ म्हणून क्लेनब्युटेरॉल दिलं तर तेही नको, त्यानं छाती धडधडायला लागते. आणि तुमच्या बाजूला जिमच्या पोरांना मेफेन्टरमाइनची इंजेक्शनं विकणाऱ्यांवर पोलिसांनी कारवाया केल्याच्या बातम्या तूही वाचल्या असशील. ते ऑपरेशनच्या वेळी रक्तदाब फार खाली गेला तर वर आणायचं औषध आहे. तुझा आधीच वर आहे. यातलं काही आधीच घेतलं असशील तर डॉक्टरांना खरं सांग. ते पोलिसांना कळवायला जात नाहीत.

फेब्रुवारी

स्पर्धा या वर्षी सोड. कारण सांगते, मग तूच ठरव. आपल्याकडच्या ‘श्री’ स्पर्धांत वजनगट असतात : ५५, ६०, ६५, ७०, ७५ असे वर वर. तुझ्या उंचीच्या, वर्ष-दोन वर्षं व्यायाम केलेल्या आणि औषधं न घेणाऱ्या मुलाची स्टेजवरची तयारी, म्हणजे पोटाचे सहा खण आणि मांडीच्या रेषा दिसतील अशी, साधारण साठ-बासष्ट किलोला होते. ब्याऐंशीतले वीस किलो स्टेजवर येणारच नाहीत. तुझ्याकडे तेरा आठवडे आहेत. आठवड्याला अर्धा किलो या वेगानं साडेसहा किलो उतरतात. उरलेले साडेतेरा कसे उतरवणार? मग उपाशी राहणं, मीठ-पाणी तोडणं सुरू होतं आणि आणलेला स्नायू आधी जातो.

वजन फार वेगानं उतरवलं की स्नायूचा घाटा होतो, हेही नॉर्वेतच तपासून झालंय. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या ०.७ टक्के या वेगानं उतरवणाऱ्या खेळाडूंच्या अंगावर त्या काळात थोडा स्नायू चढलासुद्धा. दुप्पट वेगानं उतरवणाऱ्यांच्या अंगावर काहीच चढला नाही. ‘कटिंगला दोन महिने’ हे तुझ्या बाबतीत दोन महिन्यांचं काम नाहीच, पाच-सहा महिन्यांचं आहे. दहा महिने चढवायला आणि सहा महिने उतरवायला, असे सोळा महिने. त्या सोळा महिन्यांत हळूहळू, जेमतेम जास्त खाऊन तू याहून पुढे गेला असतास. बेसुमार बल्किंगचा मला सगळ्यात मोठा तोटा हाच वाटतो. आणि एकदा वाढलेल्या चरबीच्या पेशी वजन उतरल्यावर लहान होतात, संख्येनं सहसा घटत नाहीत, म्हणून पुढच्या वेळी पोट आणखी सहज सुटू शकतं.

पुढच्या वर्षीची स्पर्धा धर. वेळ भरपूर आहे.

आता काय खायचं

गेनर बंद, वडापाव आठवड्यातून एक (तोही बंद कर म्हटलं असतं तर तू ऐकलं नसतंस). दूध अर्धा लिटर, शक्यतो गाईचं. अंडी सहा. दुपारी किंवा रात्री दोनशे ग्रॅम चिकन, ते भाजीसारखं कर, बिर्याणी नको. वाटीभर घट्ट डाळ, वाटीभर मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ, पन्नास ग्रॅम सोया चंक्स. ज्वारीची भाकरी दोन्ही वेळा, भात थोडा. एवढ्यात १३० ते १४० ग्रॅम प्रोटीन सहज होतं. किलोमागे १.६ ते २ ग्रॅम म्हणतात त्यात ते बसतं आणि त्याहून जास्त घेऊन विशेष काही मिळत नाही. तांबडा-पांढरा सोडायला सांगत नाही, पण वर आलेला तवंग बाजूला काढ. क्रिएटिनिनचा रिपोर्ट नीट आला की डॉक्टरांना विचारूनच या खाण्यावर पक्कं हो.

व्यायाम हलका करू नकोस. ‘कटिंग म्हणजे हलकं वजन आणि भरपूर रेप्स (आवर्तनं)’ हीसुद्धा जिममधली एक अफवा. ज्या वजनानं स्नायू आला त्याच वजनानं तो टिकतो, त्यामुळे बीपी आटोक्यात आल्यावर, डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला की पूर्वीचंच जड काम चालू ठेव. जेवण झाल्यावर चाल. ऑफिसातून वडापावच्या गाडीवरून येतोस, तो रस्ताच बदललास तर दोन्ही कामं होतील.

रोज सकाळी वजन कर, पण बघायची ती आठवड्याची सरासरी. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो झपकन उतरेल, ते पाणी असतं, पेढे वाटू नकोस. नंतर आठवड्याला चारशे ते पाचशे ग्रॅम पुरे. कंबर तेहतीसच्या आत आली की थांब, महिनाभर त्याच वजनावर राहा. मग परत वाढवायचं असेल तर महिन्याला किलोच्या आत, आणि कंबर एका इंचानं वाढली की ताट लगेच आवरायचं.

आता तू सगळ्यात शेवटी लिहिलेली भीती. वजन उतरायला लागलं की पहिले काही आठवडे वाईट जातील. शर्टाच्या बाह्या सैल होतील, स्नायू चपटे वाटतील, आणि कोपऱ्यावरचा कुणीतरी ‘काय रे, वाळलास की!’ म्हणेलच. त्याला ना तुझं बीपी माहीत, ना तुझ्या पुल-अप. तू काडी पैलवान होणार नाहीस, कारण ६१ चा होतास तेव्हा तुला पुल-अप दोन निघत होत्या. सत्तरवर परत आलास की बघ किती निघतात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच जागी, त्याच उजेडात फोटो काढ आणि काट्याच्या आकड्याशेजारी पुल-अपचा आकडा लिही. मात्र सत्तरवरही आरशात स्वतःला किडकिडीतच दिसत राहिलास, शर्ट काढायची लाज वाटू लागली, लग्नकार्यात जेवणाच्या भीतीनं जाणं टाळू लागलास, तर एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाशी बोल. हा त्रास जिममधल्या मुलांमध्ये दिसतो आणि त्याच्यावर उपचार आहेत.

आईला हा कागद दाखव. आठ अंडी उकडत ती पहाटेपासून उभी असते, तिला दोन अंडी कमी झाल्याचा आनंदच होईल. ट्रेनरशी भांडू नकोस. ‘डॉक्टरांनी बीपीसाठी वजन उतरवायला सांगितलंय’ एवढं म्हण, तो वाद घालणार नाही. घातलाच तर इचलकरंजीत जिम काही एकच नाही.

डब्याचं म्हणशील तर सील फोडलं नसेल तर बिल घेऊन उद्याच दुकानात जा, परत घेतात का बघ. फोडलं असेल तर पैसे गेले समज. आणि घोरण्याची तक्रार करणाऱ्या त्या भावाला तो देऊ नकोस.